अंबुजाबाईंच्या अंगणातला शेरा

अंबुजाबाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि ते भांडण मी हरलो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढं मलाही कळतं. पण बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून कुंभकोणम्‌च्या आपल्या मराठी मंडळींनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि लेखासाठी मी बाईंची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "राव, त्या दाखल्याची गोष्ट लिहिणार असाल तर लिहा. नुसतें गोड गोड लिहूं नका. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे."

तेव्हा दाखल्याचीच गोष्ट लिहितो. माझी मराठी आपल्या तंजावरी घरातली. पुण्याच्या आमच्या व्याह्यांनी हा मजकूर आजच्या वळणावर आणून दिला आहे. बाईंच्या तोंडच्या वाक्यांना मात्र मी त्यांना हात लावू दिला नाही. "असं आता कोण बोलतं?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "अंबुजाबाई बोलतात, आणि समोरच्याला बरोबर कळतं."

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी इथल्या एका खासगी शाळेत गणित शिकवत होतो. मुलं मला 'राव सार' म्हणत आणि माझी चाहूल लागली की व्हरांडा रिकामा होई. फाटकावर दरवर्षी रंगवलेली पाटी लागे: दहावीचा निकाल शंभर टक्के. ती पाटी कशी लागत असे ते आज सांगायला हरकत नाही. जे मूल दहावीत नापास होईलसं वाटे, त्याला आम्ही नववीतच दाखला देऊन वाटेला लावत असू. फळ्यासमोर उभं राहून मी हे अभिमानाने करत होतो. देवाशपथ सांगतो, त्यात काही चूक आहे असं मला वाटतही नव्हतं.

त्या वर्षी माझ्या वर्गात मल्लिगा नावाची मुलगी होती. तिरुभुवनम्‌च्या रेशीम विणणाऱ्या घरातली. एकवीस लिहायला सांगावं तर बारा लिही, सहाचा नऊ करी, आणि पाढा म्हणताना मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघत राही. मी तिला दोन वर्षं ओरडलो. मग पालथ्या घड्यावर पाणी म्हणून नाद सोडला. दाखल्यावर शेरा लिहायची एक ओळ असते. इतर मास्तर तिथे 'समाधानकारक' असं काहीतरी खरडून मोकळे होत. मी नीट अक्षरात लिहिलं: 'पुढील शिक्षणास अयोग्य.' मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली.

आठवड्याभराने आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक बाई आल्या. उंच, सडपातळ, हातात काळी छत्री आणि दुसऱ्या हातात तो दाखला. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत असत, नुकतीच नोकरी सोडली होती, आणि घराच्या मागल्या अंगणात, रिकाम्या झालेल्या गोठ्यात, शाळांनी काढून टाकलेल्या मुलांना घेऊन बसत होत्या. हे मी ऐकून होतो. गावात त्या शाळेला थट्टेने 'कोल्लै पळ्ळिकूडम' म्हणत, म्हणजे परसातली शाळा. आमचं सारं बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. त्यांनी विचारलं, हा शेरा तुमचा का? मी म्हटलं, होय. त्यांनी सांगितलं, जवळच्या आडुतुरै गावच्या एका मुख्याध्यापिका या मुलीला घ्यायला तयार होत्या, पण हा शेरा पाहिला आणि त्यांनी हात जोडले. मुलीच्या वडिलांनी पोंगलपर्यंत मुदत दिली आहे. तोवर शिक्षणाचं काही जमलं नाही तर ते तिला मागावर बसवणार आणि लग्नही लावून टाकणार. शेरा बदलून द्या.

मी म्हटलं, "लिहिलं ते लिहिलं. मी खोटं लिहीत नाही."

बाईंनी छत्री टेकली, छताकडे पाहिलं आणि रागाच्या भरात आपल्या मराठीत म्हणाल्या, "देवा रे, काय माणूस हा! लांकडाचा केला असतास तर चुलींत तरी घातला असता!"

मी मराठीतच म्हणालो, "माणूस ऐकतो आहे, बाई."

खोलीतल्या बाकी मास्तरांना काही कळलं नाही. बाईंचा चेहरा मात्र क्षणभर पाहण्यासारखा झाला होता. मला वाटलं, आता ओशाळतील, आपल्यातलेच निघालात म्हणून हसतील. छे! त्या म्हणाल्या, "ऐकलेंत ना? बरें झालें. मग पुन्हा सांगायला नको." आणि निघून गेल्या. अशी आमची पहिली भेट.

दोन महिन्यांनी त्यांची चिठ्ठी आली. 'गणिताला मास्तर हवा. पगार नाही. कॉफी आहे.' का गेलो ते खरं सांगतो. सेवाभाव वगैरे काही नव्हता. ही मुलगी शिकू शकत नाही हे त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवावं, असा माझा बेत होता. नाकाने कांदे सोलायची सवय लागली की माणूस असाच असतो.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. कौलारू गोठा, शेणाने सारवलेली जमीन, गाईची दगडी डोण तशीच, पण आता तिच्यात पुस्तकं. दहा-बारा मुलं, कोणी मोठी, कोणी लहान. बाई प्रत्येकाला पितळी पेल्यातून कॉफी देत होत्या. मी म्हटलं, "मुलांना कॉफी?" त्या म्हणाल्या, "यांना आजवर सगळ्यांनी बाळासारखें दटावलें. मोठ्या माणसासारखें वागवायचें तर कॉफी द्यायला नको?" मी खडू मागितला. बाई म्हणाल्या, "खडू मागाहून. इथला रिवाज आहे, आधी मास्तरांनी शिकायचें."

हा रिवाज आज आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. बाईंच्या अंगणात नवीन येणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस कोणी काही शिकवत नाही. त्याला जे येतं ते त्याने आपण निवडलेल्या मास्तरांना शिकवायचं आणि मग मास्तरांची परीक्षा घ्यायची. मास्तर जमिनीवर, मूल पाटावर. मूल निकाल सांगतं, तो मोठ्याने, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा. निकाल दोनच. 'आच्चु', म्हणजे झालं. नाहीतर 'मरुपडि', म्हणजे पुन्हा. तिसरा शेरा या शाळेत नाही. नवीन मास्तर आला तरी तोच नियम, आणि त्याचा शिक्षक बाई ठरवणार.

माझ्यासाठी त्यांनी कोणाला ठरवलं होतं ते आपण ओळखलंच असेल.

मल्लिगा पाटावर येऊन बसली. माझ्याकडे बघेना. समोर एक लहानशी चौकट होती, तिच्यावर संपत आलेल्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं. मागावरचा जुना ताणा संपतो तेव्हा त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडावा लागतो. गाठ मारायची नाही. बोटांना चिमूटभर राख लावायची, दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरायची, एक पीळ द्यायचा, दुमडायची, सोडायची. मल्लिगाने माझ्यापुढे दहा-बारा जोडून दाखवले. तिची बोटं कधी हलली तेच मला दिसलं नाही.

मी एक जोडला. तिने हळूच ओढला, सुटला. दुसरा जोडला, सुटला. तिसरा तुटला. मी म्हटलं, रेशीम बरं दिसत नाही, राख ओली आहे. मागून बाईंचा आवाज आला, "नाचतां येईना, अंगण वांकडें. आणि अंगण माझें आहे हो राव, जपून!"

मग मल्लिगाने काठाचे धागे मोजायला सांगितले. हे तर माझं राज्य! मी चष्मा पुसला आणि मोजले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, उत्तर वेगळं. तिसऱ्यांदा मोजले, तिसरंच काही. मी, गणिताचा मास्तर! तिने डोळे मिटले, धाग्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "सार, इकडून तिसऱ्या पट्टीत एक कमी आहे." होता एक कमी. मी नख लावून पुन्हा पुन्हा तपासलं. माझ्या कानशिलांत रक्त चढलं होतं, कारण ही मुलगी ज्या वर्गात एकवीसचं बारा लिहीत होती, त्या वर्गात मी एकदाही तिला विचारलं नव्हतं की बाळ, तू मोजतेस कशी.

निकालाची वेळ आली. सगळी मुलं थांबली. मला वाटलं, आता ही दोन वर्षांचा सूड घेईल, आणि घेतला असता तर तिचं चुकलं नसतं. ती उठून उभी राहिली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मरुपडि, सार." आणि जरा थांबून, "उद्या या. पहिल्या दिवशी कोणालाच येत नाही."

मी चप्पल शोधायला लागलो. बाई म्हणाल्या, "कां हो राव, पळून चाललांत?" मी म्हटलं, "नाही. डोळ्यांत राख गेली." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंचं मोठेपण कशात आहे असं मला कोणी विचारलं तर मी त्या तांब्याचं नाव घेईन. त्या वेळी टोमणा मारायची त्यांना संधी होती, आणि टोमणे त्यांना उत्तम येतात हे आपण जाणतोच.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो. शाळा सुटली की रोज गेलो. माझ्या पत्नीने विचारलं, बोटं काळी कशाने? मी सांगितलं, परीक्षा आहे. ती हसून हसून बेजार झाली. अकराव्या दिवशी मल्लिगाने माझे ओळीने वीस धागे ओढले, एकही सुटला नाही. "आच्चु!" ती ओरडली आणि सारं अंगण ओरडलं. आयुष्यात मी पुष्कळ परीक्षा पास झालो, पहिल्या नंबराने झालो, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्याच दिवशी बाईंनी पेटीतून तो दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. मी खिशातलं पेन काढून शेरा खोडायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "खोडूं नका. खोडलें कीं लोक आणखी निरखून वाचतात. खालीं लिहा." मी खाली लिहिलं: 'वरील शेरा देणाऱ्याची चूक आहे.' सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभा राहिलो. ते खूप बोलले, मी ऐकून घेतलं, आणि शेऱ्याची ओळ कोरी असलेला नवा दाखला पोंगलच्या आधी हातात घेऊन निघालो. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. त्यात माझा त्याग काही नाही. त्या पाटीखालून रोज आत जाणं मला जमेना.

नवा दाखला मी मल्लिगाला दिला. बाईंनी तिला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून सांगितलं, आता आडुतुरैचं दार उघडं आहे, जायचं की नाही ते हिने ठरवायचं. वडील म्हणाले, जाऊ दे. मल्लिगा म्हणाली, "नको अप्पा. सारना आत्ता कुठे धागे जोडता यायला लागलेत. मी इथूनच दहावीला बसते." बाईंना तिने जावं असं मनातून वाटत होतं, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ब्र काढला नाही. मुलाला निवड दिली की ती परत घ्यायची नाही, हे त्यांचं तत्त्व, आणि ते पाळताना त्यांचा जीव कसा खालीवर होतो ते मी इतक्या वर्षांत अनेकदा पाहिलं आहे.

मग मी शिकवायला लागलो, म्हणजे खरं तर आम्ही दोघं शिकायला लागलो. मल्लिगानेच युक्ती काढली. कापडावर जाड धाग्याने आकडे टाचायचे आणि डोळे मिटून बोटाने वाचायचे. बोटाला सहा आणि नऊ कधीच सारखे लागले नाहीत. पाढे काठाच्या धाग्यांवर आले. ते कापड अजून गोठ्यात आहे. आता मळून काळं झालं आहे, पण बाई ते धुऊ देत नाहीत. आणि एवढं सगळं होऊन मल्लिगा दहावीला गणितात नापास झाली. निकालाच्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. संध्याकाळी तीच दारात. "सार, मरुपडि!" म्हणाली आणि हसली. दुसऱ्या खेपेला पास झाली. मार्क काही विचारू नका, काठावरचे होते. पण काठ विणणाऱ्या घरातली मुलगी ती. काठाला कमी लेखायचं कारण नाही.

बाईंच्या करारीपणाचे किस्से तर किती सांगावेत? एक गृहस्थ मोटारीतून आले, गोठा पाडून पक्की इमारत बांधून देतो म्हणाले, फक्त वर वडिलांचं नाव घालायचं. बाईंनी त्यांना डोण दाखवली. "इथें आधींच एक नांव आहे. लक्ष्मी. तिनें जन्मभर दूध दिलें, पाटी कधीं मागितली नाहीं." गृहस्थ कॉफी पिऊन गेले. मी चिडलो, म्हटलं, "बाई, पावसात कौलं गळतात हो!" त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कशाला आहांत?" त्या रविवारी मी आणि चार मुलं कौलं शाकारत होतो. आणि माझी पत्नी इस्पितळात होती त्या महिन्यात रोज सकाळी माझ्या दारात डबा यायचा. बाईंच्या हातचं सांबार बेताचंच, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथेही लिहितो. पण त्या महिन्यात मी ते बोट लावून पुसून खाल्लं.

आज मल्लिगा विणकरांच्या संस्थेसाठी काठांची नक्षी काढतात, आणि सकाळचं अंगण त्याच चालवतात. हो, आता मी त्यांना अहोजाहो करतो. त्यांना ते मुळीच आवडत नाही. परवा मी हा लेख त्यांना वाचून दाखवला आणि जे बावीस वर्षांत तोंडाने कधी बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, माझं चुकलं, मल्लिगा. मला माफ करा. त्या म्हणाल्या, "सार, ते तुम्ही अकरा दिवस राखेत बोटं घालून सांगितलंत की. तेव्हाच कळलं." आणि मुलांना कॉफी द्यायला उठल्या.

आता शेवटी गेल्या आठवड्यातली गोष्ट. अंगणात सध्या भुवना नावाची मुलगी नवीन आली आहे. वडील स्वामीमलैला पंचधातूच्या ओतीव मूर्तींचे मेणाचे नमुने घडवतात. भुवनाचे शब्द घशात अडकतात. वर्गात सगळे हसायचे, म्हणून तिने बोलणंच सोडलं आणि मग शाळाही. ती येऊन महिना झाला, कोणी तिचा आवाज ऐकला नव्हता. रिवाजाप्रमाणे तिने मास्तर निवडायचा होता. तिने बोट केलं ते बाईंकडे. मूर्तीचा मेणाचा हात घडवायचा, पाची बोटांचा. बाई पंचाहत्तराव्या वर्षी जमिनीवर बसल्या, गुडघे दोनदा कुरकुरले. मेण ऊन करून बोटं वळवू लागल्या. त्यांचे हात आता थरथरतात. भुवना शेजारी बसून त्यांचा हात धरून दाखवी, एक अक्षर न बोलता.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी हात घडवला. चार बोटं बरी, करंगळी मलूल होऊन पडली. भुवना उभी राहिली. निकाल मोठ्याने सांगायचा असतो. मल्लिगा हळूच पाटी पुढे करायला गेल्या, लिहून दे म्हणून. बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं. दुसऱ्याचा अडकलेला शब्द आपण पुरा करायचा नाही, हाही तिथला नियम आहे. "म... म... म..." तिने पुन्हा सुरुवात केली. मी माझे गुडघे घट्ट धरून बसलो होतो. आणि मग, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं, "मरुपडि!"

बाई टाळ्या वाजवत होत्या, आपण नापास झाल्याबद्दल! मग त्यांनी तिला विचारलं, "बरं, हात नीट जमायला किती दिवस लागतील गं?"

भुवनाने जरा विचार केला. आता शब्द सुटला होता. "अप्पांना," ती अडखळत, पण स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "द... दहा वर्षं लागली."

"मग दहा," बाई म्हणाल्या, आणि मेणाचा गोळा पुन्हा हातात घेतला.

तेव्हा मंडळी, अंबुजाबाईंना आपण आणखी वेगळं काय चिंतायचं? दहा वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी स्वतःच अंगावर घेतला आहे. तो पुरा करायला लागतील तेवढे बळकट गुडघे, स्वच्छ डोळे आणि स्थिर हात त्यांना मिळोत. आणि बाई, दहा वर्षांनी आपण परीक्षेला बसाल तेव्हा मीही तिथे असेन, कॉफी घेऊन. भुवना तो हात उचलेल, उजेडात फिरवून बघेल, आणि मी देवाजवळ एवढंच मागतो, की तेव्हाही तिने करंगळीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणावं: मरुपडि.